खोलीबाहेरचं विरजण

माझ्या वहिनीला मत्सर करायला कारण लागत नाही, आणि कारण मिळालंच तर ती ते वायाही घालवत नाही. दादा सायकल पुसत बसला की तिच्या कपाळाला आठी पडते. "माझा चष्मा कधी पुसलात का हो इतक्या मायेनं?" तो न्हाव्याकडून उशिरा आला की म्हणते, "बरोबर आहे, तो डोक्यावरून हात फिरवतो, कोण उठेल तिथून!" शेजारणीच्या कुंडीत फुलं आली तर ही आपल्या कुंडीला दटावते. लोक हसतात. मीही हसते. पण मी तिची नणंद आहे, तिच्या वरच्या मजल्यावर राहते आणि तिच्या शेजारी एकाच डेअरीत, एकाच टाकीवर काम करते. मला ठाऊक आहे, या सगळ्या लुटुपुटूच्या लढाया होत्या. खरी लढाई एका काचेच्या खोलीशी होती.

आमची डेअरी काही फार मोठी नाही. समोर दूध उतरवायचा धक्का, मग तापवायच्या टाक्या, उजवीकडे दह्याचा विभाग आणि डावीकडे आमचा चीजचा हॉल. दोन्हीकडे विरजण एकच. आमच्याकडे ते दुधात घालायचं, दूध आंबट होऊन घट्ट झालं की लांब सुऱ्यांनी कापायचं, ढवळायचं आणि गाळायचं. गाळताना हिरवट-पिवळं पाणी निघतं, त्याला आम्ही निवळी म्हणतो. ही निवळी सगळीकडे उडते. ॲप्रनवर, गमबुटात, भुवयांवर. घरी जाऊन अंघोळ केली तरी गल्लीतली मांजरं आमच्या मागे लागतात.

हॉलच्या टोकाला एक बोळ आहे आणि बोळाच्या शेवटी ती खोली. तिथे विरजण राहायचं. विरजण म्हणजे शेवटी जिवंत जिवाणू. दुधातली साखर खातात, आंबटपणा सोडतात, म्हणून दही लागतं. त्यांना रोज उकळून निववलेलं नवं दूध द्यायचं, ऊब सांभाळायची, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत पिढी पुढे न्यायची, हे माझ्या दादाचं काम. आत जाताना बूट बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, दार पटकन लावायचं आणि मोठ्यानं बोलायचं नाही. हा शेवटचा नियम दादाचा स्वतःचा. हॉलमधल्या बायकांनी त्या खोलीचं नाव बाळंतिणीची खोली पाडलं. दादाला ते आवडायचं नाही, पण त्याला विचारतो कोण.

सगळ्यात कडक नियम मात्र आमच्यासाठी होता. निवळीकडच्या माणसानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कारण निवळीत एक विषाणू वाढतो. माणसाला तो काही करत नाही, कोणी पोटभर प्याला तरी ढेकर देऊन झोपेल. तो फक्त विरजणाचे जिवाणू खातो. कापडावर बसून, थेंबात बसून, कधी नुसत्या दमट हवेतून तो हिंडतो, आणि एकदा विरजणात शिरला की टाकीभर दूध सकाळी होतं तसं संध्याकाळी, पातळच्या पातळ. दादा म्हणायचा, "तुमच्या अंगावर माझ्या लेकरांचा काळ बसलेला असतो."

आता विचार करा. नवरा-बायको एका छपराखाली कामाला, मधे फक्त एक बोळ आणि एक काचेचं दार, आणि लग्न होऊन आल्यापासून वहिनी त्या दाराच्या आत गेलेली नाही. डबा द्यायला गेली तर बोळात उभं राहून काचेवर टकटक करायची, मग हा बाहेर येणार, डबा फक्त कडीला धरून घेणार. घरीही तीच तऱ्हा. त्याचे कामावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे, वेगळ्या दोरीवर वाळायचे. एका गॅलरीत दोन दोऱ्या. सकाळी निघताना ती बटण लावायला पुढे झाली की तो मागे सरायचा. वहिनी मला म्हणायची, "वन्सं, सवतीकडे जाताना नवरे अत्तर लावतात असं ऐकलं होतं. हा माझा वास धुऊन जातो."

मी म्हणायचे, "अगं, जिवाणूंचा कसला मत्सर करतेस?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमचा नवरा ट्रक चालवतो. ट्रक दारात उभा असतो, दिसतो तरी. माझी सवत दिसतही नाही."

यात एक गोष्ट मोठी गमतीची होती, आणि ती कळायला मला फार उशीर लागला. वहिनी घरी रोज दही लावायची. एका जाड, निळसर काचेच्या बरणीत, झाकणाला दोरा गुंडाळून. ती बरणी ती कोणाला हात लावू देत नसे. माहेरी जायची तर बरणी कपड्यांत गुंडाळून बरोबर न्यायची. आजारी पडली तर मला खाली बोलावून, स्वतः पलंगावरून हुकूम सोडत, माझ्याकडून दही लावून घ्यायची. "एवढं गरम नको. बोट घालून बघा. आता ढवळा. अहो, ढवळा म्हणजे घुसळा नाही!" आणि एवढं करून ते दही खाणार कोण? आम्ही. हॉलमधल्या बायका, मी, तिची मुलगी. दादा वाटी बाजूला सारायचा. "दिवसभर तेच चाखतो, घरी नको." मग ती वाटी त्याच्या ताटाशेजारी तशीच राहायची आणि शेवटी वहिनी ती स्वतः संपवायची, उभ्यानं, ओट्यापाशी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

मग कोटवाली आली.

मालकांच्या डोक्यात प्रोबायोटिकचं वेड शिरलं होतं. पोटाला उपकारक असे जिवंत जिवाणू घातलेलं प्यायचं दही, छोट्या बाटल्यांत भरून विकायचं. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतली एक मुलगी नेमली. पांढरा कोट, भराभर चालणं, जेवणसुद्धा उभ्यानं. स्वभावानं वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे वहिनीच्या तोंडून तुम्हाला वेगळंच ऐकू येईल. पहिल्याच दिवशी ती बोळातून सरळ गेली, बूट बदलले, हात धुतले आणि काचेचं दार ढकलून आत. दादानं तिच्यासाठी स्टूल ओढलं. आम्ही टाकीवर उभ्या होतो. वहिनीने त्या दिवशी सुरी अशी फिरवली की वाटाण्याएवढे व्हायचे ते तुकडे वाळूएवढे झाले आणि सगळा माल हलक्या प्रतीत गेला.

त्यावर कळस म्हणजे कोटवाली तिला काकू म्हणाली.

"काकू! मला काकू, आणि त्यांना सर!" वहिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड. "सर कसले? काल रात्री उशी कुठे आहे ते सापडत नव्हतं सरांना."

घरी दादाच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. एकदा जेवताना तो खुलून सांगत होता, "आज मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून आपलं विरजण दाखवलं. इतकी वर्षं सांभाळलं, पण कधी पाहिलं नव्हतं. मोत्यांची माळ असते तसं दिसतं गं, एकेक मणी एकमेकाला धरून." बोलताना त्याचा घास हातात तसाच.

वहिनी वाढता वाढता थांबली. "माळ? बरं. कोणाच्या गळ्यात घातली?"

दादाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "गळ्यात कशी घालणार? फार बारीक असते."

माझा हा भाऊ असाच आहे. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते.

ज्या दिवशी भडका उडाला त्या दिवशी तो डबा विसरून गेला होता. वहिनी दुपारी तो घेऊन बोळात गेली, काचेवर टकटक केली. आत दोघं सूक्ष्मदर्शकावर वाकलेले, दादाचा एक डोळा नळीला, आणि कोटवाली त्याचा खांदा धरून त्याला किंचित डावीकडे सरकवते आहे. पुन्हा टकटक. कोणाचं लक्ष नाही. मग वहिनीने जे केलं ते हॉलमधल्या प्रत्येकानं पाहिलं. तिने दार ढकललं आणि निवळीनं निथळणारे गमबूट घालून, ओल्या ॲप्रनसकट, ती आत गेली. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला पण बघायचीय मोत्यांची माळ."

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनीला भांडण जमतं, ती परतवते. पण तो ओरडला नाही. त्याने कोपऱ्यातला पोछा उचलला, औषधाच्या बादलीत बुडवला आणि तिच्या पायाशी पुसायला लागला. ती एक पाऊल मागे घ्यायची, तो ते पाऊल पुसायचा. ती आणखी मागे, तो आणखी पुढे. असं करत करत त्याने तिला दाराबाहेर पुसून काढलं. मान वर करून पाहिलंही नाही.

ती टाकीपाशी आली तेव्हा डबा हातातच होता. मला म्हणाली, "वन्सं, माणूस मेल्यावरसुद्धा जागा एवढ्या घाईनं पुसत नाहीत." मग तिने सुरी घेतली आणि काम सुरू केलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

आणि त्याच आठवड्यात टाकीतलं दूध विरजेनासं झालं.

आधी एक टाकी. वाटलं, दूध खराब असेल, कोणा गायीला औषध दिलं असेल, ते दुधात उतरलं असेल. मग दुसरी, मग दह्याचा विभाग. संध्याकाळी झाकण काढावं तर पांढरं पाणी डुलतंय. कोटवालीने नमुने तपासले आणि सांगितलं ते आम्ही सगळे मनात समजूनच होतो. विषाणू. काचेच्या खोलीतल्या बाटलीत विरजण अजून कसंबसं लागत होतं, पण तेच टाकीत घातलं की मरत होतं, कारण हॉलमध्ये, नळ्यांत, हवेत, सगळीकडे त्याचा वैरी बसला होता. शीतपेटीत राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या. त्याही त्याच वंशाच्या, त्याही त्याच रोगानं गेल्या. भिंती धुतल्या, छत धुतलं, आम्हाला धुवायचं तेवढं बाकी ठेवलं.

दादा हॉलमध्ये आला आणि सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाला, "तू आलीस. तू आणलंस."

कोटवाली मधे पडली. "सर, असं नाही सांगता येत. खोलीची हवा गाळायची जाळी फाटली आहे, मी कालच पाहिलं. आणि आपण इतकी वर्षं एकच विरजण बदल न करता वापरतोय. कधीतरी हे होणारच होतं. काकूंचा संबंध असेल, नसेलही."

तिने वहिनीची बाजू घेतली, आणि वहिनीला त्या बाजू घेण्याचाच जास्त राग आला. "हिच्याकडून मला सुटका नको," ती माझ्या कानात म्हणाली.

मालकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग जाहीर केलं, कंपनीकडून कोरड्या विरजणाची पाकिटं मागवणार. पाकीट फोडायचं, दुधात टाकायचं, संपलं. पाकिटातल्या जिवाणूंना रोज पोसावं लागत नाही, खोली लागत नाही आणि खोलीत बसणारा माणूसही लागत नाही. दादाला दूध उतरवायच्या धक्क्यावर जायचं होतं. आमच्या दह्याची जी एक मऊ, किंचित गोडसर आंबट चव होती, ज्यासाठी लोक पलीकडच्या गल्लीतून यायचे, ती जाणारच होती. पण खरं सांगायचं तर आम्हाला चवीचं एवढं पडलं नव्हतं. दादा घरी येऊन नुसता हात मांडीवर ठेवून बसायचा, ते बघवत नव्हतं.

वहिनीला त्याचाही मत्सर वाटला! दुसरी बायको असती तर नवऱ्याजवळ जाऊन बसली असती. ही जिन्यात येऊन माझ्यापाशी धुमसत होती. "मी तापानं फणफणले होते तेव्हा म्हणाले, एक गोळी घे आणि झोप. आणि आता बघा. जेवण जात नाही. डोळ्यांत पाणी. माझ्यासाठी कधी आलं का हो, वन्सं? तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता, सांगा, माझ्यासाठी कधी आलं?"

 आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलच्या मागच्या पत्र्याखाली जेवायला बसलो. सगळ्यांची तोंडं उतरलेली. वहिनीने डबा उघडला, दह्याची डबी काढली आणि चमच्यानं एकेकीच्या डब्यात वाढायला लागली. घट्ट, चमचा उभा राहील असं. तेवढ्यात कोटवाली तिथून चालली होती ती थबकली.

"हे कुठलं दही?"

"घरचं," एक जण म्हणाली.

"कोणाच्या घरचं? कालचं लावलेलं? विरजण कुठून आणता?"

वहिनीने डबीचं झाकण खाडकन बंद केलं. "घरचं आहे. विक्रीला नाही."

कोटवालीला राग येत नाही, हा तिचा मोठा दोष. ती समोरची क्रेट उलटी करून तिच्यावर बसली आणि समजावून सांगायला लागली. "काकू, तुम्ही निवळीनं भरलेल्या हातांनी घरी जाता. कितीही धुतलं तरी थोडं राहतंच. म्हणजे तुमच्या बरणीत हा विषाणू रोज जात असणार, वर्षानुवर्षं. दुबळे जिवाणू केव्हाच मेले असतील. जे उरलेत ते त्याला पुरून उरलेत. सरांनी खोलीत जपलं ते नाजूक झालं, त्याची कोणाशी गाठच पडली नाही. तुमचं रोज भांडत भांडत मोठं झालंय. कदाचित टाकीत तेच टिकेल."

मी वहिनीकडे पाहिलं. तिला हे ऐकून आतून उकळ्या फुटत होत्या, पण सांगणारं तोंड चुकीचं होतं. तिने डबी पिशवीत टाकली, पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "ज्याला हवं असेल त्यानं स्वतः मागायला यावं. निरोप्यांना मी दही देत नाही."

"मी निरोप नाही आणला, काकू."

"मग उठा. क्रेट लागणारे."

आम्ही सगळ्या तिच्यावर चिडलो. मीही चिडले. एका वाटीपायी दादाचं काम जायला निघालं होतं आणि हिचा मानापमान चालला होता. मी तसं बोललेही. तिने शांतपणे उत्तर दिलं, "वन्सं, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढं एक आहे. तेही तिने येऊन चमच्यानं न्यावं?"

संध्याकाळी मी मुद्दाम खाली गेले. वहिनी ओट्यापाशी, दूध तापत ठेवलेलं. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. कोटवालीने त्याला सांगितलं होतं, हे त्याच्या कानांवरूनच दिसत होतं. त्याचे कान लाल होतात.

"दूध जरा जास्त आलंय का आज?" तो म्हणाला.

"नाही."

"उकाडा वाढलाय. दही लवकर लागत असेल."

"लागतं."

"बरणी बरी आहे ही. जाड आहे."

मला राहवलं नाही. "दादा, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माग काय ते."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "थोडं विरजण देतेस?"

"कुठलं?"

"तुझं."

वहिनी वळली. इतक्या दिवसांचा जाळ होता तोंडावर, पण आवाज बारीक निघाला. "माझं? हे तुम्हीच दिलंत मला."

 दादाला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे लपवताही येत नव्हतं.

"लग्नानंतर पहिल्यांदा कामावरून आलात तेव्हा ही बरणी घेऊन आलात. तळाशी बोटभर विरजण होतं. म्हणालात, माझ्याकडे देण्यासारखं एवढंच चांगलं आहे. नीट सांभाळ, कधी मरू देऊ नकोस." तिने दुधाखालचा गॅस बंद केला. "तुम्ही विसरलात. मला सांगितलं होतं, म्हणून मी सांभाळलं."

दादा दाराच्या चौकटीला टेकला.  बरणी रोज माझ्याही डोळ्यासमोर होती आणि ती माहेरी का नेते, आजारपणात का जपते, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, हट्ट आहे.

त्याने बरणीकडे हात पुढे केला, आणि वहिनीने ती मागे ओढली.

"आधी हात धुवा. कोपरापर्यंत."

त्याने धुतले.

"कपडे बदला. त्या खोलीतून आलात ना? आणि पाय. चपला बाहेर. आणि इथे मोठ्यानं बोलायचं नाही."

तो काही बोललाच नव्हता, पण निमूटपणे गेला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. वहिनी पाठमोरी उभी होती. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले. तो ओल्या केसांनी परत आला तेव्हा ताटाशेजारी वाटी ठेवलेली होती.

"न्यायचं तर आधी खायचं," वहिनी म्हणाली. "माझं विरजण न चाखता कोणी नेत नाही."

दादाने चमचा तोंडात घातला. चव ओळखणं हेच त्याचं आयुष्य. त्याने डोळे मिटले, दुसरा चमचा घेतला, मग तिसरा, वाटी पुसून खाल्ली.

"हे रोज घरात असायचं?"

"रोज. तुमच्या ताटाशेजारी."

त्याने मान खाली घातली आणि बाहीनं डोळे पुसले. वहिनीचा प्रश्न मला आठवला, तिच्यासाठी कधी आलं का म्हणून. तिला खांद्याला धरून वळवावं, म्हणावं बघ, आता आलंय, असं वाटलं. पण ती बघतच होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी बरणी स्वतः घेऊन गेली. दादाने धरायला हात पुढे केला, तिने दिली नाही. कोटवालीने आधी छोट्या भांड्यात निवळी मिसळून त्या विरजणाचा कस पाहिला, मग बादलीत, मग टाकीत. संध्याकाळी झाकण उघडलं तर दूध बसलं होतं, गुळगुळीत, बोट टेकवलं तर ठसा राहील असं. हॉलमध्ये एवढा गलका झाला की मालक चष्मा न लावताच धावत आले. पाकिटांची मागणी रद्द झाली. खोलीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कोटवाली म्हणाली, हे विरजण काचेत कोंडलं तर तेही नाजूक होईल. ते बाहेरच वाढलं पाहिजे, निवळीच्या माणसांत. खोलीत फक्त गोठवून राखलेल्या बाटल्या ठेवू.

म्हणून आता आमच्या टाकीशेजारी एक मेज आहे, तिथे बरण्या असतात आणि वहिनी त्यांना रोज दूध घालते. दादा खोलीतून उठून तिथे येतो, ऊब तपासतो, चव बघतो, आणि तिला विचारल्याशिवाय झाकण उघडत नाही. घरच्या गॅलरीत दोघांचे कपडे आता एकाच दोरीवर वाळतात. दुसरीवर शेजारीण तिचे पडदे टाकते, त्यावरून वहिनी तिच्याशी भांडते.

कोटवाली तिला अजून आवडत नाही. उलट एकदा मालकांनी विचारलं, हेच दही प्रोबायोटिक म्हणून बाटलीत भरायचं का, तर कोटवाली म्हणाली, पोटाला उपकारक आहे की नाही ते तपासल्याशिवाय मी तसं लिहू देणार नाही, त्या बाटल्यांत दुसरेच जिवाणू जातील. वहिनी फणकारली, "माझ्या दह्याची परीक्षा घेणार ही!" तरी दुपारी तिला एक चमचा वाढते. एकच. हात आखडून. आणि कोटवाली ताई म्हणायला लागलीय, त्यालाही वहिनीची हरकत आहे. एवढी सलगी कशाला म्हणे.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला होते. मोठी मागणी आली होती, सगळ्या टाक्या भरल्या होत्या. दादाने ताटाशेजारी पाहिलं. वाटी नव्हती.

"दही?"

"संपलं," वहिनी म्हणाली. "घरचं होतं तेही सगळं आज टाकीला घातलं. कमी पडत होतं."

"सगळं?" दादाने घास खाली ठेवला. "अख्ख्या गावाला पुरवलंस आणि मला एक वाटी ठेवली नाहीस? ती दुकानातली माणसं खाणार, तो ट्रकवाला खाणार, ती मॅडमसुद्धा आज दोन चमचे खात होती, मी बघितलं. आणि मी इथे..."

त्याच्या कपाळाला आठी पडली होती. उभी, बरोबर मधोमध, वहिनीची पडते तशीच.

वहिनी हातातली पळी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. घाई केली नाही. ती आठी तिने पोटभर बघून घेतली. मग फळीवरच्या भांड्यामागून झाकलेली वाटी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.